सोळावर पान मागावं का?

मराठी घरातलं पत्त्यांचं शिक्षण ठरलेल्या क्रमाने होतं. भिकार-सावकारमध्ये अंकओळख, बदाम सातमध्ये दुसऱ्याचं पान अडवून धरण्याचा आनंद, झब्बूमध्ये अपमान गिळायची सवय, पाच-तीन-दोनमध्ये उधारी आणि वसुली, आणि मेंढीकोटमध्ये भिडू या प्राण्याविषयी कायमचा अविश्वास. गणपतीच्या जागरणाला रमीची पदवी हातात पडते. त्यापुढे ज्यांना संशोधन करायचं असतं ते तीन पत्तीकडे वळतात, आणि मग घरातली माणसं त्यांच्याविषयी आवाज खाली आणून बोलतात.

या साऱ्या अभ्यासक्रमात एक गोष्ट गृहीत असते. समोरचा माणूस आपला असतो. तो हरला की त्याला वर्षभर चिडवता येतं, आपण हरलो की "पानंच फालतू आली" असं त्याला ऐकवता येतं, आणि गेलेले पाच रुपये त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत असतात. ब्लॅकजॅक शिकायला बसलेला मराठी माणूस पहिला अडखळतो तो इथेच. टेबल अर्धगोल. गोलाईच्या बाजूला आपण सगळे ओळीने बसलेले आणि सपाट बाजूला एकटा डीलर उभा. पगारी. तो हरला तर त्याचं काही जात नाही, जिंकला तर त्याला काही मिळत नाही, आणि तुम्ही कसे खेळलात याविषयी त्याला काहीही म्हणायचं नसतं. ज्याला चिडवता येत नाही आणि जो आपल्याला नावं ठेवत नाही, अशा माणसाशी पत्ते कसे खेळायचे हेच आपल्याला कळत नाही.

शिवाय हे शिकायला गोव्याला जावं लागतं. त्यामागचा इतिहास मजेदार आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंचं नियंत्रण आणि त्यांच्यावरचा कर यांचा रीतसर कायदा केला. परवाना कसा द्यायचा, कर कसा घ्यायचा, सगळं ठरलं. फक्त तो कायदा कधी अंमलात आला नाही. तो तसाच पुस्तकात पडून राहिला आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्याच १९७६ साली गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, आणि १९९६ साली आणखी एक दुरुस्ती होऊन जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. म्हणजे ज्यांनी कॅसिनोचा कायदा केला त्यांच्याकडे एक कॅसिनो नाही, आणि ज्यांनी जुगारबंदीचा केला त्यांच्या मांडवीत ते दिवे लावून तरंगतायत. त्यात पुन्हा फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायची बंदी. आत जायचं तर तुम्ही बाहेरचे असायला हवं. आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेली हवीत. एकवीसच्या खाली असाल तर बोटीवर घेत नाहीत, आणि बोटीवर गेल्यावर एकवीसच्या वर गेलात तर डावात ठेवत नाहीत.

आमचे साडू विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी ब्लॅकजॅकचा अभ्यास हाती घेतला. जुगाराला त्यांचा तत्त्वतः विरोध आहे. म्हणूनच त्यांनी जाहीर केलं की, "खेळायचं नाही, समजून घ्यायचं." दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि दुसऱ्या पानावर बावन्न पानांची किंमत मांडली. समजून घेण्यासाठी किती रक्कम न्यावी यावर घरात चर्चा झाली. त्यांचा आकडा ऐकून आमची मेहुणी म्हणाली, "समजून घ्यायला एवढे कशाला? निम्मे न्या, निम्मं समजलं तरी पुष्कळ आहे."

पणजीच्या धक्क्यावरून छोटी बोट मोठ्या बोटीकडे नेते. तिकिटातच जेवण असतं, आणि काही चिप्सही, ज्या एकदा खेळता येतात पण मोडून रोख घेता येत नाहीत. मेहुणीने तिकीट उलटसुलट वाचलं आणि आपला खेळ निवडला. जेवणाचं टेबल. "तुम्ही तिकडे घालवा, मी इकडे वसूल करते," असं सांगून ती गेली. त्या रात्री कॅसिनोवर बसलेल्या सगळ्या माणसांत नफ्याची खात्री असलेली ती एकटीच होती.

आता नियम. ब्लॅकजॅकचे नियम इतके सोपे आहेत की संशय यावा. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावर जो आकडा तीच किंमत. गुलाम, राणी, राजा तिघांचेही दहा. आपल्याकडे राजाने राणी मारावी आणि राणीने गुलाम, ही समाजव्यवस्था लहानपणापासून पाठ असते. इथे तिघं एका रांगेत दश्शीच्या शेजारी उभी. एक्का मात्र एक धरायचा किंवा अकरा, जे सोयीचं असेल ते. आपल्याला दोन पानं उघडी मिळतात. डीलरलाही दोन, पण त्याचं एकच उघडं दिसतं. हवी तेवढी पानं मागायची, बेरीज एकवीसच्या वर गेली की संपलं. बहुतेकांना वाटतं की एकवीस करायचे आहेत. तसं काही नाही. डीलरपेक्षा जास्त करायचे आहेत, किंवा आपण बाजूला थांबून त्याला बुडू द्यायचं आहे. बारावर गप्प बसून जिंकता येतं. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मराठी माणसाला बरं वाटतं. काही न करता मिळालेलं यश कुणाला नको असतं?

अवघड असतं ते टेबलावरचं वागणं. पहिली गोष्ट, पत्त्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे पान हातात घेऊन, किंचित उचलून, कोपऱ्यातून एकेक मिलिमीटर सरकवत बघण्यातच निम्मा खेळ असतो. इथे पानं सहा किंवा आठ कॅटांच्या पेटीतून निघतात, उघडी समोर पडतात आणि हात मागे ठेवायचा असतो. दुसरी, पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे. तो ते कॅमेऱ्यासमोर पसरून मोजणार, चिप्स पुढे सरकवणार आणि टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटेसुलटे करून दाखवणार की मी काही घेतलेलं नाही. ज्याच्याकडे आपले पैसे जाणार आहेत तो माणूस रिकामे हात दाखवून जातो, हे दृश्य इथे रोज दिसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. बोलायचं नाही. पान हवं असेल तर टेबलावर बोट टेकवायचं, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत, कारण उद्या वाद झाला तर छतावरच्या कॅमेऱ्यात हात दिसला पाहिजे. साडूंचे बारा झाले होते आणि डीलरची तिर्री दिसत होती. ते समजावून सांगू लागले, "असं बघा, बारा म्हणजे तसे कमी, पण तिर्री म्हटल्यावर..." समोरची मुलगी हसून वाट बघत होती. तेवढ्यात मागून मेहुणी आली आणि पनीर संपत आल्याची बातमी सांगू लागली. साडूंनी "थांब गं जरा" म्हणून हात आडवा हलवला. मुलीने खूण धरली आणि पुढच्या माणसाकडे वळली. हातवारे करून बोलणाऱ्या समाजासाठी हा खेळ तयार केलेला नाही.

एवढं शिकून झालं की कुणालाही प्रश्न पडतो. डीलरला तर स्वतःची अक्कल वापरायला परवानगीच नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच आणि सतरा झाले की थांबायचंच, असं त्याच्यावर बंधन. त्यात तो शंभरातल्या साधारण अठ्ठावीस डावांत स्वतः बुडतो. मग कॅसिनो चालतो कसा?

उत्तर एका छोट्या गोष्टीत आहे. आधी आपण खेळतो. आपण बुडालो की चिप्स लगेच उचलल्या जातात. नंतर डीलरही बुडाला तरी त्या परत येत नाहीत. दोघेही बुडाले तर बरोबरी व्हायला हवी, असं आपली न्यायबुद्धी सांगते. कॅसिनोची इमारत त्या बरोबरी न होण्यावर उभी आहे. एखाद्याने ठरवलं की डीलर अनुभवी आहे, तो करतो तेच आपण करू, सोळापर्यंत घेऊ आणि सतरावर थांबू, तर शंभर रुपयांमागे सुमारे साडेपाच रुपये सरासरीने जातात. नक्कल केली तरी आधी मरायचा नियम आपल्याला आणि नंतर मरायचा त्याला.

मग शहाण्या माणसाने काय करावं? हे प्रथम नीट शोधून काढलं ते अमेरिकन सैन्यातल्या चार जणांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझल आणि जेम्स मॅकडरमॉट, मेरीलंडमधल्या ॲबरडीन इथल्या तळावर. संगणक नव्हे, टेबलावरची हिशेबाची यंत्रं घेऊन त्यांनी आपल्या प्रत्येक बेरजेला डीलरच्या प्रत्येक उघड्या पानासमोर ठेवून पाहिलं आणि १९५६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात निबंध छापला. त्यातून पुढे जो तक्ता रूढ झाला त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. तो पाळला तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वाटा साडेपाचावरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. सैन्यातली माणसं फावल्या वेळात काय करतात याची आपल्याकडची कल्पना वेगळी आहे, पण ते असो.

हा तक्ता साडूंच्या वहीत तीन रंगांत होता. अकरा झाले तर बहुतेक वेळा पैसे दुप्पट करून एकच पान घ्या. बारा असतील आणि डीलरची चव्वी, पंजी किंवा छक्की असेल तर गप्प बसा, त्याला बुडायची संधी द्या. जोडी आली तर ती फोडून दोन डाव करता येतात, प्रत्येक वाटणीवर पुन्हा तेवढेच पैसे लावून. त्याचा नियम कुठल्याही घरात लागू पडावा असा आहे. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी वेगळ्या कराव्यात. दहा-दहाची जोडी, म्हणजे सुखाने नांदणारं वीसचं एकत्र कुटुंब, कधीही मोडू नये. तरी प्रत्येक टेबलावर ते मोडणारा एक माणूस असतोच. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "मला वाटलं."

'मला वाटलं' हे या खेळातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. तक्त्याचा कस लागतो तो सोळावर. सोळा हा आकडा लावणीत धोक्याचा आणि ब्लॅकजॅकमध्येही. तुमचे सोळा झालेत आणि डीलरचं दहा किमतीचं पान दिसतंय. पान मागितलं तर तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ प्रकार तुम्हाला बुडवतात. नाही मागितलं तर डीलर बहुधा सतराच्या पुढे जाणारच. काहीही केलंत तरी चारातून साधारण तीनदा हरायचंय. पण दोन्हींत केसभर फरक आहे आणि तक्ता सांगतो, पान मागा. काही टेबलांवर निम्मे पैसे देऊन शरण जायची सोय असते. ती असेल तर तक्ता म्हणतो, शरण जा. मनाला यातलं काहीच पटत नाही. मन म्हणतं, मागितलं आणि बुडालो तर दोष माझा. गप्प बसलो आणि हरलो तर दोष नशिबाचा. नशिबाला दोष देता यावा म्हणून माणसं सोळावर थांबतात आणि त्याची किंमत मोजतात.

साडू शेवटच्या खुर्चीवर बसले होते, कारण तिथून सगळ्यांची पानं दिसतात आणि विचाराला वेळ मिळतो. ही खुर्ची किती बदनाम आहे हे वहीत नव्हतं. शेवटचा माणूस पान घेतो आणि मग डीलर स्वतःसाठी काढतो. त्यामुळे डीलरला काहीही चांगलं आलं की अख्खं टेबल शेवटच्याकडे वळून बघतं. साडूंनी सोळावर बोट टेकवलं, राजा आला, ते बुडाले. डीलरने आपलं झाकलेलं पान उलटलं तर छक्की, म्हणजे त्याचेही सोळा. पुढचं पान आलं पंजी. एकवीस. टेबलावरच्या सगळ्यांचे गेले.

"काका, तो राजा त्याला जायला हवा होता," शेजारचा तरुण म्हणाला.

"तक्त्यात मागा असं आहे."

"तक्ता घरी ठेवायचा हो. इथे फील बघायचा."

पलीकडच्या गृहस्थांनी मान हलवली. त्यांच्या मते चूक सोळावर मागण्यात नव्हती, तिथे बसण्यातच होती. लग्नाच्या मांडवात जितकी अनोळखी माणसं आपल्याला सल्ला देत नाहीत तितकी त्या अर्ध्या टेबलावर होती. गणित सांगतं की शेवटच्या माणसाने घेतलेलं पान डीलरला जितक्या वेळा वाचवतं तितक्याच वेळा बुडवतं. सरासरीत इतरांना काही फरक पडत नाही. त्याच रात्री साडूंनी घेतलेल्या एका पानामुळे डीलर बुडाला आणि सगळ्यांना पैसे मिळाले. तेव्हा कुणीही त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. त्या तरुणाने ते श्रेय आपल्या फीलला दिलं.

आणि मग तो क्षण आला. डीलरचं उघडं पान एक्का. मुलीने टेबलावरून हात फिरवत विचारलं, "इन्शुरन्स?" साडूंच्या चेहऱ्यावर अख्खी नोकरी उजळली. आयुष्यभर त्यांनी ज्या शब्दासाठी लोकांचे जिने चढले, तो शब्द कुणीतरी आपणहून त्यांना विचारत होतं. निम्मी रक्कम आणखी लावायची. डीलरकडे खाली दहा किमतीचं पान निघून ब्लॅकजॅक झाला तर या रकमेच्या दुप्पट मिळतात. ऐकायला छान. हिशेब असा की तेरा प्रकारच्या पानांत दहा किमतीची चारच. तेरा वेळा शंभर-शंभरचा विमा उतरवला तर चारदा मिळून आठशे येतात आणि नऊदा मिळून नऊशे जातात. दर तेराशेमागे शंभराचा तोटा. साडूंनी कागदावर हे मांडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढा हप्ता आम्हीसुद्धा कधी घेतला नाही." विमा उतरवला नाही. अभ्यासाचा तो त्या रात्रीतला सर्वोच्च बिंदू.

टेबलावर बसण्यापूर्वी वाचायची आणखी एक गोष्ट असते आणि ती कुणीच वाचत नाही. कापडावर छापलेलं असतं की ब्लॅकजॅकला तीनास दोन देतात की सहास पाच. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा किमतीचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक. तो साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तीनास दोनच्या टेबलावर हजारावर दीड हजार मिळतात, सहास पाचच्या टेबलावर बाराशे. सहा हा आकडा मोठा दिसतो म्हणून लोकांना हेच टेबल उदार वाटतं. एकवीस डावांत एकदा तीनशे कमी म्हणजे दर हजारी डावामागे चौदा रुपये, जवळजवळ दीड टक्का. चार सैनिकांनी यंत्रं फिरवून जे वाचवलं त्यातला बराच भाग इथे दोन आकड्यांत परत घेतला जातो.

या टप्प्यावर प्रत्येक अभ्यासू माणूस विचारतो, "ते पत्ते मोजायचं काय ते?" ते खरं आहे. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएमच्या संगणकावर हिशेब करून दाखवलं की पेटीतून लहान पानं जास्त निघून गेली आणि एक्के, दश्श्या, चित्रं मागे उरली की पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. तेव्हा जास्त लावायचे, एरवी कमी. १९६२ साली त्याचं 'बीट द डीलर' हे पुस्तक आलं. मनातल्या मनात मोजणं हा गुन्हा नाही. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर तिथल्या कॅसिनोंना मोजणाऱ्यांवर बंदी घालता येणार नाही असा निकाल दिला. मग कॅसिनोंनी कॅट वाढवले, पेटी निम्म्यात पिसायला घेतली, आणि कित्येक ठिकाणी सतत पिसणारं यंत्रच बसवलं. कोर्टाने मोजायचा हक्क दिला आणि यंत्राने मोजण्यासारखं काही ठेवलं नाही.

थॉर्पचं कौतुक आहेच, पण हे शास्त्र आपल्याकडे महाभारतात आहे. द्यूतात राज्य घालवलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होता. रस्त्यात ऋतुपर्णाने बेहड्याच्या एका झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगितलं. बाहुकाचा विश्वास बसेना. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला उशीर होत असताना त्याने रथ थांबवला, झाड तोडलं आणि मोजून पाहिलं. आकडा बरोबर निघाला. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली, नळाने बदल्यात घोड्यांची विद्या दिली, आणि ती फाशांची विद्या घेऊन नळाने राज्य परत मिळवलं. झाड बेहड्याचंच असावं यालाही अर्थ आहे. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. हल्ली आपण तोच बेहडा त्रिफळा चूर्णात रात्री कोमट पाण्याबरोबर घेतो. ज्याने राजांची राज्यं साफ केली तो आता तेवढंच काम करतो.

याहून बोधप्रद उदाहरण धर्मराजाचं. सगळं हरून वनात आल्यावर बृहदश्व ऋषींनी त्याला ही नळाची गोष्ट सांगितली आणि अक्षहृदयही शिकवलं. म्हणजे राज्य, भाऊ आणि बायको गमावल्यानंतर त्याने शिकवणी लावली. आणि पुढे अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक या नावाने राजाबरोबर फासे खेळायची नोकरी धरली. त्याने धंद्याचं मर्म ओळखलं होतं. खेळून राज्य जातं, खेळवून पगार मिळतो.

आता एवढ्या अभ्यासाची किंमत रुपयांत काढू. समजा हजार रुपयांचा डाव आणि तासाला साठ डाव. म्हणजे तासाभरात साठ हजारांची उलाढाल. तक्ता पाळणाऱ्याचे त्यावर अर्धा टक्का, सरासरी तीनशे रुपये जातात. 'मला वाटलं' म्हणत खेळणाऱ्याचे दोन टक्के जरी धरले तरी बाराशे. ही सरासरी झाली. एखाद्या तासात दहा हजार येतात, एखाद्यात पंधरा जातात, आणि ज्या तासात येतात त्या तासालाच लोक सरासरी समजतात. म्हणजे दोनशे पानी वही, तीन रंगांचं पेन आणि शेवटच्या खुर्चीचा अपमान यांतून तासाला नऊशे रुपये वाचले.

वाचले असं वाटतं तेवढ्यात सरकार येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेण्यासाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी ठरला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. चार सैनिक, एक गणितज्ञ आणि दोन पौराणिक राजे मिळून जी दोन-पाच टक्क्यांची लढाई लढले, तिच्या शेजारी हा चाळीसचा आकडा बघून साडूंनी वही मिटली. वर जिंकलात तर त्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि त्यातून हरलेल्या डावांचे पैसे वजा करून मागता येत नाहीत. डीलर निदान सतराला थांबतो.

तरीही ब्लॅकजॅक शिकावा असं माझं मत आहे. कॅसिनोतल्या इतर बहुतेक खेळांत माणूस शिकला काय, न शिकला काय, पैसे त्याच वेगाने जातात. इथे शिकलेल्याचे हळू जातात. शिवाय हा खेळ एक दुर्मीळ गोष्ट शिकवतो. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला काहीतरी ठाम वाटत असतं. कुणाला लागोपाठ चार हरल्यावर पाचवा डाव आपला वाटतो, कुणाला शेवटचा काका अपशकुनी वाटतो, कुणाला फील येतो. मत नसलेला एकच माणूस तिथे असतो, तो डीलर, आणि पैसे त्याच्याकडे जातात. राजकारण, क्रिकेट, शेजाऱ्याच्या मुलाचं करिअर आणि मिसळीचा रस्सा या सगळ्यांवर तत्काळ मत देणाऱ्या माणसाने एक संध्याकाळ आपलं मत खिशात ठेवून फक्त तक्ता पाळायचा, ही मोठी साधना आहे. ज्यांना जमेल त्यांनी करावी.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तक्ता पाठ करा. तीनास दोनचं टेबल शोधा, सहास पाच दिसलं तर पुढे चला. विमा नको म्हणा, तुम्ही विमा कंपनीत असलात तरी. सोळावर, समोर दहा असताना, शरण जायची सोय नसेल तर पान मागा आणि शेजाऱ्याचं ऐकू नका. हरायची रक्कम घरून ठरवून न्या, ती सिनेमाच्या तिकिटासारखी गेलीच असं धरा, आणि ती संपली की जेवणाच्या टेबलाकडे वळा. हरलेले परत मिळवायला घातलेला पैसा कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

आणि ज्यांना हे सगळं नको त्यांनी घरीच कॅट काढावा आणि शेंगदाण्यांवर खेळावं. आमच्याकडे परवा तसाच डाव मांडला. पहिल्या फेरीला डीलर व्हायला कुणी तयार नव्हतं. तासाभराने डीलर कोण होणार यावरून भांडण सुरू झालं. तुमच्या घरात ते भांडण सुरू झालं की समजा, सगळ्यांना ब्लॅकजॅक आला. पुढच्या शिकवणीसाठी गोव्याचं तिकीट काढायची गरज नाही.